तिसऱ्या वर्षीचं चित्र

१९९५ सालचं एक चित्र आहे. चेरीचं झाड बहरलंय, पण खोडात एक जपानी सैनिक गुंतून उभा आहे. फांदी कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो ते चटकन कळत नाही. झाडाखाली एक उघडी मुलगी पडलेली, चेहरा हातांनी झाकलेला. मुळांपाशी कवट्या. चित्राचं नाव मराठीत ‘हिरावलेलं निर्मळपण’ असं होईल. काढणारी कांग दोक-ग्योंग, दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याच्या लैंगिक हिंसेतून वाचलेली कोरियन बाई, तेव्हा वय साधारण ६६.

युद्धातल्या लैंगिक हिंसेतून वाचलेल्या बायकांसोबत आर्ट थेरपी, म्हणजे चित्रोपचार, करणाऱ्यांच्या सादरीकरणांत हे चित्र हमखास दिसतं, आणि त्यावरून एक चुकीचा धडाही काढला जातो: हातात ब्रश द्या, जे झालं ते काढायला सांगा, आतलं आपोआप बाहेर येईल. ज्या वर्गातून हे चित्र आलं तो १९९३ च्या सुरुवातीला भरायला लागला होता. म्हणजे चित्र तिसऱ्या वर्षी आलं. मधल्या दोन वर्षांत काय चालतं, ते का टाळता येत नाही आणि घाई केली की नेमकं काय बिघडतं, हे या प्रकरणात बघायचं आहे.

पन्नास वर्षांचं मौन

१९३० च्या दशकापासून १९४५ पर्यंत जपानी सैन्याने ताब्यातल्या मुलखांत सैनिकांसाठी ‘कम्फर्ट स्टेशन’ चालवली, म्हणजे जिथे मुलींना लैंगिक गुलामीत ठेवत अशी केंद्रं. कोरिया, चीन, तैवान, फिलिपिन्स, इंडोनेशिया अशा ठिकाणच्या मुली नोकरीचं आमिष दाखवून, दलालांमार्फत किंवा थेट उचलून तिथे नेल्या गेल्या. इतिहासकारांचे अंदाज वीस हजारांपासून दोन लाखांच्याही पुढे जातात. अंदमान म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आठवतं, पण १९४२ ते १९४५ या जपानी अमलात असं केंद्र तिथेही होतं आणि त्यासाठी कोरियन मुली समुद्रापार आणल्या होत्या.

वाचलेल्या बायका गावी परतल्या त्या तोंड मिटूनच. अब्रू गेली ती बाईची, हा हिशेब कोरियातही आपल्यासारखाच होता. काहींनी लग्नं केली नाहीत, काहींची टिकली नाहीत, आजारांमुळे अनेकींना मूल झालं नाही. १४ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांच्यापैकीच एक, किम हाक-सुन यांनी स्वतःच्या नावानिशी, चेहरा न झाकता साक्ष दिली आणि बांध फुटला. ८ जानेवारी १९९२ पासून सोलमधल्या जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी निदर्शनं सुरू झाली. दक्षिण कोरियात पुढे सुमारे २४० बायकांची सरकारदरबारी नोंद झाली.

ऑक्टोबर १९९२ मध्ये बौद्ध संघटना आणि नागरी गटांनी सोलमध्ये यांच्यासाठी एक घर उघडलं. नाव ‘नानुम-उई जिप’, म्हणजे वाटून घेण्याचं घर. घर एक-दोनदा बदललं आणि १९९५ च्या अखेरीस सोलबाहेर, ग्योंगी प्रांतातल्या ग्वांगजूजवळच्या एका गावात कायमचं वसलं. या घरात लिहिण्या-वाचण्याच्या शिकवणीसोबत चित्रांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला आली ती ली ग्योंग-शिन ही तरुण चित्रकार. वर्गात कांग दोक-ग्योंग होत्या, किम सुन-दोक होत्या, ली योंग-न्यो होत्या. सगळ्यांना हाक एकच, ‘हलमोनी’, म्हणजे आजी. ही बाब किरकोळ नाही. ज्या खोलीत बाईला ‘लाभार्थी’ किंवा ‘केस’ म्हणतात तिथे ती फॉर्म भरते. जिथे आजी म्हणतात तिथे ती शिकवणारीला दटावूही शकते.

खोलीत आलेल्या बायका

कांग दोक-ग्योंग १९२९ चा जन्म, गाव जिंजू. १९४४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ‘श्रमदलात’ भरती होऊन जपानमधल्या तोयामाच्या कारखान्यात गेल्या. उपासमार सहन होईना म्हणून पळाल्या, लष्करी पोलिसाच्या हाती लागल्या, त्याने बलात्कार केला आणि तिथून थेट सैनिकांच्या केंद्रात. परतताना पोटात मूल होतं. ते अनाथालयात ठेवावं लागलं आणि लहानपणीच गेलं. किम सुन-दोक १९२१ चा जन्म. १९३७ मध्ये नोकरीच्या आमिषाने निघाल्या त्या शांघाय आणि नानजिंगला पोचल्या.

अशा बायकांच्या तक्रारी कागदावर नुसत्या ‘म्हातारपणाच्या’ वाटतात: झोप नाही, छातीत जळजळ, घशात गोळा अडकल्यासारखं, अचानक राग. कोरियन माणसं याला ‘ह्वाब्योंग’ म्हणतात, गिळलेल्या रागाच्या आगीचा आजार. डॉक्टरला यात पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) आणि नैराश्य दिसेल. दोन्ही नावं ठेवावीत, कारण उपचारासाठी डॉक्टरचं नाव लागतं आणि बाईशी बोलायला तिचं.

आणखी एक गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. या बायका साठी-सत्तरीच्या होत्या. मोतीबिंदू, सांधेदुखी, कापरा हात. आयुष्यभर भांडी, शेती, शिवण केलेला हात, पण ‘चित्र’ या शब्दाला घाबरलेला. ‘मला कुठं येतंय’ हे वाक्य पहिल्या दिवशी प्रत्येकीच्या तोंडी असतं, आणि त्यात आघाताचा भाग थोडा, शाळा न मिळाल्याचा जास्त असतो.

आधी हात, मग वस्तू, मग आठवण

नानुम घरातला वर्ग मुळात चित्रकलेचा होता. रेषा, बघून काढायच्या वस्तू, रंग एकमेकांत मिसळले की काय होतं, आणि बऱ्याच नंतर मनातलं. या क्रमामागे ठोस कारण आहे. आघातात माणसाचा ताबा सुटलेला असतो: शरीरावरचा, वेळेवरचा, पुढे काय होणार यावरचा. ज्या हाताला सरळ रेषही मनाजोगी येत नाही त्याला सगळ्यात भयंकर आठवण कागदावर उतरव म्हटलं, तर ताबा सुटण्याचा अनुभव पुन्हा होतो. उलट सफरचंदाची गोलाई, देठाजवळचा खळगा, खालची सावली हे तीन महिन्यांत जमलं, तर हाताला कळतं की इथे मी ठरवेन तेवढंच होतं. ही कसरत वेळ घालवायची वाटते, पण उपचाराचा पाया तीच आहे.

असा वर्ग आज कुणाला चालवायचा असेल तर कामाच्या गोष्टी अशा.

गट पाच ते आठ जणींचा. एक शिकवणारी आणि एक सोबतीण. सोबतिणीचं काम फक्त एवढंच: कुणी उठून बाहेर गेली तर तिच्यासोबत जायचं. ही दुसरी बाई नसेल तर वर्ग घेऊ नये; शिकवणारी बाहेर गेली की खोलीत उरलेल्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. दिवस, वेळ, खोली आणि बसायची जागा ठरलेली. खुर्चीची पाठ भिंतीला, तोंड दाराकडे, दाराला कडी नाही. शिकवणारीने मागून येऊन खांद्यावरून वाकून चित्र बघायचं नाही. चित्रकलेच्या शिक्षकांना ही सवय मोडायला सगळ्यात जड जाते, कारण जे.जे.पासून गल्लीतल्या क्लासपर्यंत सगळे तसंच बघतात. इथे समोरून किंवा बाजूने यायचं आणि येताना बोलत यायचं. फोटोग्राफर, देणगीदार, पाहुणे यांना वर्गात प्रवेश नाही.

साहित्यात सुरुवातीला दोनच गोष्टी: ६बी पेन्सिल आणि जाड कांडीचे ऑइल पेस्टल. कागद २०० जीएसएमचा कार्ट्रिज, ए-फोरच्या अर्ध्या आकाराचा. मोठा कोरा कागद दडपण आणतो. चारही कोपरे मास्किंग टेपने टेबलाला चिकटवायचे, नाहीतर कापऱ्या हाताखाली कागद सरकतो आणि बाई ‘माझंच चुकतंय’ म्हणून हात मागे घेते. पेन्सिलीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला की सुजलेल्या बोटांना पकड येते. काळ्या आणि लाल कांड्या जास्तीच्या आणाव्यात. त्या सगळ्यात आधी संपतात आणि कुणी ऐन रंगात असताना काळा संपला तर तिचा तो दिवस वाया जातो.

पेन्सिल आणि पेस्टल आधी का? कारण ते जिथे ठेवले तिथेच राहतात. जलरंग वाहतात. लाल रंगाचा ओघळ कागदावरून खाली टेबलावर येणं ही आपल्यासाठी चूक, पण या खोलीत कुणाला तरी तो थेट त्या रात्रीत नेऊन सोडू शकतो. म्हणून क्रम असा: पेन्सिल, पेस्टल, मग ॲक्रिलिक (दाट आणि लवकर वाळणारा), त्यानंतर पातळ रंग. बोटांनी फासायचे रंग आणि ओली माती सगळ्यात शेवटी, आणि तेही बाईने मागितले तरच. चिकट, ओलं, बोटांना लागणारं साहित्य शरीराच्या आठवणी जागवतं. टर्पेंटाइन नकोच. वासाने माणूस जितक्या झटक्यात मागे जातो तितका चित्राने जात नाही.

दीड तासाचं गणित: पहिली दहा मिनिटं चहा आणि जागेवर बसणं. दहा मिनिटं हात मोकळा करायला, खांद्यापासून फिरणाऱ्या लांब रेषा. मग चाळीस मिनिटं काम, आणि थांबायच्या सात-आठ मिनिटं आधी सूचना, कारण अचानक ‘चला, वेळ संपली’ म्हणणं म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या हुकमावर थांबणं. पंधरा मिनिटं ज्यांना हवं त्यांनी चित्र दाखवायची. शेवटची पंधरा ब्रश धुणं, कांड्या डब्यात परत लावणं, हात धुणं यासाठी. या आवराआवरीला कधीही कात्री लावू नये. बाई खोलीतून बाहेर पडते तेव्हा तिचा हात ओला आणि थंड असावा, डोकं चित्रात अडकलेलं नसावं.

पहिल्या आठ-दहा बैठकींत आठवणींचा विषय शिकवणारीने काढायचा नाही. बाईने स्वतःहून काढला तर अडवायचा नाही, पण खोदायचाही नाही.

कुठे बिघडतं

आता बिघडण्याच्या जागा, कारण कार्यशाळांच्या पुस्तिकांत या सापडत नाहीत.

सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे अंगाची बाह्यरेषा. जमिनीवर मोठा कागद पसरायचा, बाईने त्यावर उताणं झोपायचं आणि दुसऱ्या कुणी तिच्या भोवतीने पेन्सिल फिरवायची. ‘बॉडी मॅपिंग’ म्हणून अनेक ठिकाणी चांगल्या हेतूने करतात. बलात्कारातून वाचलेल्या बाईला जमिनीवर उताणं पाडून वरून कुणी वाकतंय, हे दृश्य कसलं आहे याचा विचार करणाऱ्याच्या मनात येत नाही. शरीराची आकृती हवीच असेल तर तळहाताएवढी, तिने स्वतः, बसून काढलेली.

दुसरा, ‘तुमची सुरक्षित जागा काढा’. आर्ट थेरपीतला हा पाठ झालेला विषय. पण जिला घरातूनच विकलं, जिला परतल्यावर घराने दार लावलं, तिची सुरक्षित जागा कुठली? ती कागदाकडे बघत बसते आणि तिला पुन्हा कळतं की आपल्याला तेही नाही. त्याऐवजी ‘लहानपणची एखादी वस्तू, जिचा रंग आठवतो’ एवढंच म्हणावं. वस्तू हाती आली की जागा मागून येते, कधी येतही नाही.

तिसरा, अर्थ लावणं. काळं दिसलं की दुःख, लाल दिसलं की रक्त, डोळे मोठे की भीती. कोरियन आजीच्या चित्रात पांढरा हा शोकाचा आहे की रोजच्या कपड्याचा, हे बाहेरच्याने ठरवू नये. विचारायचं ते इतकंच: ‘यात कुठून बघायला सुरुवात करू?’ ती बोट ठेवेल तिथून ऐकायचं. तिने चित्राला दिलेलं नाव तिच्याच शब्दांत, तिच्याच चुकांसकट कागदाच्या मागे लिहायचं. सोबत तारीख आणि क्रमांक, बाईचं नाव नाही.

चौथा, कौतुक. सफरचंदाला ‘देठ अगदी बरोबर बसलाय’ म्हणावं. आठवणीच्या चित्राला ‘वा, सुंदर’ म्हणू नये. अशा वेळी जे दिसतं तेवढं सांगावं: ‘झाड खूप उंच आहे आणि मुलगी लहान.’

पाचवा, एकीचं चित्र दुसरीला लागणं. बायका शेजारी बसतात, डोळे जातातच. म्हणून प्रत्येकीजवळ एक कोरा ट्रेसिंग पेपर असावा. चित्रावर तो टाकला की ‘आज नको’ असा अर्थ, आणि त्यावर कुणी प्रश्न विचारायचा नाही. चित्र पालथं घालणं, घडी करणं, लिफाफ्यात बंद करणं, फाडणंही तिच्या हातात. फाडण्याआधी कुणी घाईने मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तर तो तिच्याकडून काढून घेतलेलाच आहे, हेतू कितीही चांगला असो.

आणि ज्या क्षणाची सगळ्यांना भीती असते तो: बाई खोलीत असूनही नसते. खुणा ठरलेल्या आहेत. हात थांबतो किंवा एकाच जागी गोल-गोल फिरत राहतो, इतका की पेस्टलखाली कागद सोलपटतो. नजर कागदाच्या पलीकडे. श्वास छातीत वर-वर. हाक ऐकू येत नाही. अशा वेळी समोर येऊन, खाली बसून, नेहमीच्या हाकेने हळू बोलवायचं. हात लावायचा नाही. ‘कांडी खाली ठेवा’, ‘पाय जमिनीला लागलेत का बघा’, ‘या खोलीत निळं काय काय आहे?’ थंड पाण्याचा पेला हातात. चित्र उचलून न्यायचं नाही, पालथं घालू का हे विचारायचं. काय आठवलं ते त्या वेळी विचारायचं नाही. ती परत आली की तिलाच ठरवू द्यायचं: पुढे काढायचं, ठेवून द्यायचं की घरी जायचं. त्या रात्री आणि पुढच्या रात्री झोप बिघडू शकते हे आधीच सांगितलेलं असावं. न सांगता झालं तर बाईला वाटतं आपण वेड्या होतोय, आणि ती पुन्हा येत नाही.

हे सगळं एका दिवसाच्या शिबिरात बसत नाही. आघातानंतर एकाच बैठकीत सगळं बोलतं करण्याची पद्धत जगभर वापरून झाली आणि ती पीटीएसडी टाळत नाही असं दिसल्यावर तिची शिफारस बंद झाली. ब्रश हातात दिल्याने ती पद्धत बदलत नाही.

तीन चित्रं

१९९५ मध्ये नानुमच्या वर्गातून जी चित्रं आली त्यांपैकी तीन शेजारी ठेवून बघावीत.

पहिलं वर सांगितलेलं. त्यात कांग यांनी चेरी निवडली, जपानी सैन्याने गौरवाची खूण म्हणून मिरवलेलं फूल. म्हणजे हे नुसतं उमाळ्याने सांडलेलं चित्र नाही. योजून केलेलं आहे, रचना आहे, टोमणा आहे. सैनिक झाडात आणि कवट्या मुळांत, हा विचार दोन वर्षं हात तयार झालेल्या बाईचाच असू शकतो.

दुसरंही त्यांचंच, ‘जबाबदारांना शिक्षा करा’. त्यात पुन्हा झाड आहे. पण आता झाडाला बांधलाय तो गुन्हेगार, डोळ्यांवर पट्टी, त्याच्यावर रोखलेली पिस्तुलं, आणि भोवती पांढरी कबुतरं. एका चित्रात झाड मुलीवर उभं आहे, दुसऱ्यात तेच झाड खांब झालंय. त्याच वर्षी जपानने सरकारी भरपाईऐवजी देणग्यांचा निधी पुढे केला आणि अनेक आजींनी तो धुडकावला, हे सोबत ठेवलं तर राग कुठून आला ते दिसतं. थेरपिस्टांची एक खोड असते: राग ‘शांत करायचा’. इथे राग योग्य पत्त्यावर गेला, आणि बुधवारच्या निदर्शनांमुळे त्याला जायला रस्ताही होता. चार भिंतींत नुसता राग रंगवून बाईला परत त्याच गप्प घरात पाठवलं असतं, तर ‘ह्वाब्योंग’ तसाच राहिला असता.

तिसरं किम सुन-दोक यांचं, ‘पुरतं न उमललेलं फूल’. कोरियन पोशाखातली एक मुलगी, सोबत कळ्या. सैनिक नाही, रक्त नाही. प्रदर्शन भरवणाऱ्याला पहिलं चित्र हवं असतं, पण उपचाराच्या दृष्टीने हे तितकंच पुढचं आहे. जे घडलं त्याचा नव्हे, जे घडायचं राहिलं त्याचा हा शोक आहे. अशा चित्रावर ‘अजून ती मोकळी झाली नाही’ असा शेरा मारणारे अहवाल निघतात. तो शेरा मारणाऱ्याला मोकळं होणं म्हणजे फक्त भयानक दृश्य वाटत असतं.

वर्ग पुढे वेगवेगळ्या हातांनी चालू राहिला. २००१ मध्ये कांग इल-चुल यांनी अशाच उपचाराच्या बैठकीत आगीत लोटल्या जाणाऱ्या मुलींचं चित्र काढलं. त्यातून प्रेरणा घेऊन २०१६ मध्ये कोरियात सिनेमाही आला.

ज्यांना चित्र नकोच

सगळ्यांना ब्रश मानवत नाही, आणि ते अपयशही नाही. देगू शहरात शिम दाल-योन आणि किम सुन-आक या आजी वाळवलेल्या फुलांची चित्रं करत. यात ‘मला चित्र येत नाही’ हा अडथळाच उरत नाही: आकार फुलाचा, रंग फुलाचा, बाईने फक्त मांडायचं.

पद्धत सोपी, पण धीराची. फुलं दव वाळल्यावर, सकाळी उशिरा खुडायची. टीपकागदात घालून जाड वह्यांच्या खाली दाबायची. पहिले तीन दिवस कागद रोज बदलायचा. हा कंटाळा केला की पाकळ्या तपकिरी पडतात आणि बुरशी येते. पातळ पाकळीचं फूल आठ-दहा दिवसांत कडकडीत होतं. कॉसमॉस, पॅन्सी चांगली येतात. गुलाब अख्खा दाबू नये, पाकळ्या सुट्या कराव्यात. उचलताना चिमटा, चिकटवताना पातळ डिंकाचा टिपका फक्त मध्यभागी. वाळलेली पाकळी बोटांत भुगा होते, आणि तसं झालं की बाई हिरमुसते. म्हणून दुप्पट फुलं दाबून ठेवावीत.

या कामातला आठवड्याभराचा थांबा मला उपचाराचा भाग वाटतो. बाई पुढच्या बैठकीला येते ती काहीतरी तयार झालंय का ते बघायला. येण्याचं कारण आठवण नाही, फूल आहे.

चित्रोपचाराने काय होत नाही

२०१३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात प्रौढांच्या पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारा बोलण्याचा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवण हाताळण्याचा उपचार) यांचं नाव आहे. आर्ट थेरपीवरचे अभ्यास बहुतेक लहान गटांचे, एकमेकांशी न जुळणाऱ्या पद्धतींचे. म्हणून जिला रोज फ्लॅशबॅक येतात, जीव द्यावासा वाटतो, दारू सुटत नाही, तिला फक्त चित्रवर्गात बसवणं चूक आहे. वर्गामागे डॉक्टर, औषध, स्त्रीरोगाचा दवाखाना आणि पेन्शनचा अर्ज भरून देणारं माणूस लागतं. नानुममध्ये आधी छप्पर होतं, जेवण होतं, दुखलं तर घेऊन जाणारं कुणीतरी होतं. चित्र त्याच्या वर आलं.

शिकवणारीसाठीही कुणी लागतं. महिन्यातून दोनदा तरी एका अनुभवी व्यक्तीपाशी तिने आपलं बोलायला हवं. हे न झाल्यास सहा-आठ महिन्यांत ती एकतर बधिर होते किंवा वर्ग सोडते, आणि बायकांसाठी आणखी एक माणूस न सांगता निघून जातं.

चित्र कुणाचं

आजींची चित्रं कोरियात आणि परदेशात प्रदर्शित झाली. २ फेब्रुवारी १९९७ रोजी कांग दोक-ग्योंग फुप्फुसाच्या कर्करोगाने गेल्या. १४ ऑगस्ट १९९८ ला नानुमच्या आवारात संग्रहालय उघडलं. उपचाराचा कागद साक्षीचा कागद झाला. यात चूक काही नाही. कांग यांना ते हवंच होतं. पण दोन्हींचे नियम वेगळे आहेत. उपचारात चित्र फाडता येतं, साक्षीत ते जपावं लागतं. उपचारात नाव नसतं, साक्षीत नावाशिवाय वजन नाही. म्हणून हा बदल केव्हा झाला, कुणी विचारला, बाईने काय उत्तर दिलं, याची नोंद लागते.

जपायचं काय होतं याचंही उदाहरण इथेच आहे. २०२० मध्ये ग्योंगी प्रांताच्या चौकशी पथकाने सांगितलं की पाच वर्षांत सुमारे ८८० कोटी वोन देणग्या आल्या आणि त्यांतले साधारण २० कोटीच आजींच्या निवासापर्यंत पोचले. त्याच पाहणीत आजींची चित्रं, फोटो आणि लोकांनी पाठवलेली पत्रं पोत्यांत आणि प्लॅस्टिकमध्ये भरून व्हरांड्यात ठेवलेली सापडली. त्यांतली काही सरकारने राष्ट्रीय दस्तऐवज म्हणून नोंदवलेली होती. प्लॅस्टिकमध्ये बंद चित्राला दमटपणाने बुरशी येते आणि पेस्टल पिशवीलाच चिकटून निघतं. आम्लविरहित कागदाच्या घड्या, पुठ्ठ्याची सपाट पेटी, जमिनीपासून वीतभर उंच फळी, एवढ्यावर काम भागतं. खर्च फार नाही.

संमती एकाच सहीची घेऊ नये. तीन वेगळ्या घ्याव्यात: संस्थेने चित्र जवळ ठेवायचं का, त्याचा फोटो काढायचा का, लोकांसमोर मांडायचं का. तिसरी प्रत्येक प्रदर्शनासाठी नव्याने, आणि केव्हाही मागे घेता येणारी. चित्र काढलं त्याच दिवशी कुठलीच सही नको. किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. सही मागणारी व्यक्ती शिकवणारी नसावी, कारण तिला नाही म्हणणं बाईला जड जातं.

किम सुन-दोक जून २००४ मध्ये गेल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस सोलला आले तेव्हा ‘पुरतं न उमललेलं फूल’ची प्रत त्यांना भेट दिली गेली. चित्र बाईच्या मागे दहा-दहा वर्षं प्रवास करतं, म्हणून फॉर्ममध्ये चौथी ओळही हवी: ‘माझ्या पश्चात’. पुढची जागा मोकळी सोडायची आणि तिनेच भरायची. लिहिता येत नसेल तर ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं, दोनदा वाचून दाखवायचं, आणि मग अंगठा.